‘ओ’वाले सावजी की ‘व्ही’वाले? डोमेन अलायस आणि रीडायरेक्ट

नागपूरच्या झणझणीत जेवणाचा सावजी हा शब्द मराठीत लिहायला सोपा. रोमन अक्षरांत लिहिताना मात्र कोणी मध्ये ‘ओ’ घालतो, कोणी ‘व्ही’, कोणी ‘डब्ल्यू’. सीताबर्डीचीही तीच गत: बोलण्यात बर्डी, इंग्रजी पाट्यांवर बुल्डी. त्यामुळे इतवारीतल्या एखाद्या मसालेवाल्याने वेबसाइट काढली की एका डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या एका नावावर, भागत नाही. पाकिटावर एक स्पेलिंग छापलेले असते आणि गिऱ्हाईक मोबाइलवर टाइप करते दुसरेच.

दुकानदार मग दोन-तीन नावे विकत घेतो आणि वेबसाइट सांभाळणाऱ्याला सांगतो, ‘हीपण जोडून दे.’ पण जोडण्याचे दोन प्रकार आहेत, अलायस आणि रीडायरेक्ट. मालकाने घरी उघडून पाहिले तर दोन्हींत साइट तशीच उघडते, म्हणून फरक लक्षात येत नाही.

फरक कळतो तो ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत. समजा मुख्य डोमेन ‘ओ’वाले आहे आणि आपण ‘व्ही’वाले टाइप केले. साइट उघडल्यावरही वर ‘व्ही’वालेच नाव राहिले, तर तो अलायस. नाव आपोआप बदलून ‘ओ’वाले झाले, तर ते रीडायरेक्ट. अलायसमध्ये सर्व्हर दोन्ही नावांना तीच पाने वाढतो. रीडायरेक्टमध्ये तो पान देतच नाही. ३०१ (‘कायमचे हलले’) हा आकडा आणि नवा पत्ता एवढेच उत्तर देतो, आणि ब्राउझर त्या पत्त्यावर जातो.

नुसता अलायस ठेवला तर गूगलला एकाच मजकुराच्या दोन साइट दिसतात. यासाठी गूगल शिक्षा करते हा समज चुकीचा आहे. ते दोहोंपैकी एक पत्ता मूळ मानते आणि निकालात तोच दाखवते. अडचण एवढीच की ही निवड तुमच्या हातात राहत नाही, आणि पाकिटावर नसलेले नाव वर येऊ शकते. कोणी ‘ओ’वाली लिंक दिली, कोणी ‘व्ही’वाली, तर त्या लिंकांचे वजनही विभागले जाऊ शकते. २००९ साली मोठ्या सर्च इंजिनांनी मिळून आणलेला कॅनॉनिकल टॅग (मूळ पत्ता सांगणारी ओळ) पानात घातला तर मूळ पत्ता सुचवता येतो, पण ती सूचनाच असते, हुकूम नव्हे.

ऑनलाइन विक्री असेल तर दुखणे आणखी वाढते. कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साइटने ठेवलेली खूणचिठ्ठी, डोमेनपुरतीच असते. ‘व्ही’वाल्या पत्त्यावर कार्टमध्ये टाकलेला अर्धा किलो मसाला ‘ओ’वाल्या पत्त्यावर दिसत नाही. लॉगिनचेही तेच. पेमेंट गेटवेकडे (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेकडे) एकच वेबसाइट नोंदवलेली असेल, तर दुसऱ्या नावावरून आलेला व्यवहार अडू शकतो. मग ‘कधी पैसे जातात, कधी जात नाहीत’ अशी तक्रार येते आणि सगळे जण बँकेकडे बोट दाखवत बसतात.

म्हणून दुकानासाठी उत्तर स्पष्ट आहे: घर एक, बाकी सगळी नावे ३०१ ने तिकडे. पण एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सीपॅनेलसारखे नियंत्रण-पॅनेल असलेल्या होस्टिंगवर (साइट ठेवलेल्या सर्व्हरवर) नीट रीडायरेक्ट करायचे तर बहुतेक वेळा आधी अलायसच करावा लागतो. दुसरे नाव सर्व्हरपर्यंत पोहोचलेच नाही, तर त्याला पुढचा पत्ता सांगणार कोण? पुष्कळ साइटी या अर्ध्या वाटेवरच थांबलेल्या असतात. अलायस झाला, साइट दिसली, काम झाले असे समजून सोडून दिले जाते.

पूर्ण वाट अशी. ‘व्ही’वाल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदवहीत) ए रेकॉर्डला होस्टिंगचा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, द्या, नुसत्या नावासाठी आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठीही. त्या नावावर आधीच काही चालू असेल तर आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे बदल लवकर लागू होतो. नेमसर्व्हरच (ही नोंदवही ठेवणारे सर्व्हर) बदलत असाल तर ४८ तासांपर्यंत थांबायची तयारी ठेवा. मग सीपॅनेलच्या डोमेन्स विभागात नवे डोमेन तयार करा आणि ‘शेअर डॉक्युमेंट रूट’वर खूण करा. हा झाला अलायस. पुढे एसएसएल स्टेटसमध्ये जाऊन ऑटोएसएसएल (सुरक्षित जोडणीचे एसएसएल प्रमाणपत्र आणणारी सोय) चालवा आणि दोन्ही रूपांसाठी प्रमाणपत्र आले की नाही ते पाहा. त्यानंतरच रीडायरेक्ट्स विभाग उघडा.

तिथे यादीतून फक्त ‘व्ही’वाले डोमेन निवडा. यादीत ‘ऑल पब्लिक डोमेन्स’ असाही पर्याय असतो. तो निवडलात तर मुख्य साइट स्वतःलाच स्वतःकडे पाठवत राहते आणि ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून हात टेकतो. दोन्ही नावांचे फोल्डर एकच असल्यामुळे नियमही एकाच एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरचे नियम ठेवायची फाइल) बसतात, म्हणून नियमाला नावाची अट हवीच. ‘वाइल्डकार्ड’वर, म्हणजे आतली लिंक त्याच पानावर नेणाऱ्या पर्यायावर, खूण करा. ती करायची राहिली तर भावयादीच्या पानाची जुनी लिंक त्या पानावर जाणार नाही. सगळ्या आतल्या लिंका मुख्य पानावर लोटून देणे हाही उपाय नव्हे, गूगल त्यांना बहुधा ‘पान सापडले नाही’ यातच धरते.

पहिल्या दिवशी ३०१ ऐवजी ३०२, म्हणजे तात्पुरते रीडायरेक्ट लावून तपासा. ३०१ ब्राउझर लक्षात ठेवतो. पत्त्यात एक अक्षर चुकले तर सर्व्हरवर दुरुस्त करूनही तुमच्या फोनवर चूकच दिसत राहील. तपासताना चार पत्ते टाका: एस असलेले आणि नसलेले एचटीटीपी, प्रत्येकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. पाचवे म्हणून आतले एखादे पान. प्रत्येक पत्ता एकाच उडीत मुकामावर पोहोचला पाहिजे. गूगलचा बॉट (साइटी वाचत फिरणारा प्रोग्राम) दहा उड्यांपर्यंत येतो, पण मोबाइलवरच्या गिऱ्हाइकाला तेवढा धीर नसतो.

सगळ्यांत जास्त बिघाड प्रमाणपत्रात होतो. रीडायरेक्ट होणाऱ्या नावाला एसएसएल कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पण एचटीटीपीएसमध्ये आधी सुरक्षित जोडणी होते आणि मगच सर्व्हर ३०१ सांगू शकतो. ‘व्ही’वाल्या नावाचे प्रमाणपत्र नसेल तर गिऱ्हाइकाला तांबडी सूचना दिसते आणि ते परत फिरते. डोमेन विकणाऱ्यांकडची मोफत ‘फॉरवर्डिंग’ सुविधा नेमकी इथे दगा देऊ शकते: साध्या एचटीटीपीवर चालते, एचटीटीपीएसवर नाही. त्याच पानावर ‘मास्किंग’ नावाचा तिसरा पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तो तुमची साइट एका चौकटीत भरून दाखवतो. मग आतल्या पानांची लिंक पाठवता येत नाही, मोबाइलवर मांडणी बिघडते, आणि साइटने चौकटीत उघडायला मनाई केली असेल तर कोरे पान.

होस्टिंगवर अलायस करायचा नसेल तर क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेची वाट आहे. डोमेनचे नेमसर्व्हर तिथे हलवायचे, ए रेकॉर्डमध्ये १९२.०.२.१ हा नावापुरता आयपी द्यायचा, शेजारचे ढगाचे चिन्ह नारिंगी ठेवायचे (नागपूरकरांना रंग सांगायला नको) आणि रीडायरेक्टचा नियम लिहायचा. प्रमाणपत्राची सोय तेच करतात. ढग राखाडी राहिला तर नियम चालत नाही, कारण येणारा माणूस त्यांच्याकडून जातच नाही.

ईमेलचा रीडायरेक्टशी काही संबंध नाही. ३०१ वेबपुरते आहे, टपाल डीएनएसमधल्या एमएक्स रेकॉर्डवरून (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ती नोंद) जाते. ‘व्ही’वाल्या नावावर चौकशीचे मेल येत असतील तर त्याचे एमएक्स वेगळे लावावे लागतील. नुसत्या डोमेनला सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) लावू नका, तिथे तो नियमात बसत नाही आणि एमएक्सशी त्याची टक्कर होते. त्या नावावरून मेल जाणारच नसेल तर एसपीएफमध्ये (या नावाने मेल कोणी पाठवायचे ती नोंद) सर्वांना नकार आणि डीमार्कमध्ये (खोट्या मेलचे काय करायचे ती नोंद) ‘रिजेक्ट’ लिहून ठेवा, म्हणजे तुमच्या नावाने खोटी बिले पाठवणे अवघड जाईल.

देवनागरी नावांचे थोडे वेगळे आहे. देवनागरीतला डॉट भारत हा शेवट असलेले डोमेन २०१४ पासून मिळते आणि मराठीत पत्ता लिहिता येतो, हे छानच. पण यंत्रणा आतून त्याचे लॅटिन अक्षरांतले प्युनीकोड रूप वापरते. सर्व्हरच्या नियमातही तेच रूप लिहावे लागते, आणि काही ठिकाणी लिंक पाठवली की ती अगम्य अक्षरे उमटतात. ‘सीताबर्डी’ आणि ‘सिताबर्डी’ ही तर यंत्राच्या लेखी दोन वेगळी डोमेन. म्हणून देवनागरी नाव पाटीवर जरूर रंगवा, पण मुख्य घर न करता रीडायरेक्टसाठी ठेवा.

मग अलायस कुठे राहू द्यावा? वेबसाइटसाठी जवळजवळ कुठेच नाही, रीडायरेक्टचे दार म्हणून तेवढा. डॉट इन आणि डॉट कॉमवर वेगळा माल, वेगळे भाव असतील तर तो अलायसही नाही, त्या दोन साइटीच आहेत आणि त्या वेगळ्याच बांधाव्यात.

किती नावे घ्यावीत याला मर्यादा ठेवा. लोक खरोखर टाइप करतात ती दोन-तीन स्पेलिंगे, शिवाय डॉट इन आणि डॉट कॉम, एवढे पुरे. ‘नागपूर बेस्ट मसाला’ छापाची वीस कोरी डोमेन घेऊन ३०१ लावल्याने क्रमांक वर जात नाही. ज्या नावाला कोणाची लिंकच नाही ते पुढे काय पोहोचवणार? आणि घेतलेले प्रत्येक नाव दरवर्षी नूतनीकरण मागते. साइट हलवल्यावर रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा असे गूगल सांगते, पण छापील पाकिटाला ती मुदत लागू नाही. गोदामात ‘व्ही’वाल्या नावाची पाकिटे आहेत तोवर ते डोमेन सोडता येत नाही. डॉट कॉमची मुदत टळल्यावर विक्रेत्याकडे जास्तीत जास्त ४५ दिवस, मग जादा पैसे भरून सोडवायचे ३० दिवस, आणि शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही. त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो, आणि तुमच्याच पाकिटावरचा पत्ता त्याच्या दुकानात उघडतो.