केमोनंतरची हाडं आणि कॅल्शियमची गोळी

रक्ताच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या मुलाच्या आईवडिलांना एक सल्ला हमखास मिळतो: हाडं ठिसूळ झालीत, कॅल्शियम द्या. जणू हाड म्हणजे खडू. झिजला की भर घालायची.

हाड जिवंत असतं. त्यात ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात आणि ऑस्टिओब्लास्ट नवं घडवतात. गंमत अशी, की विरघळवणाऱ्या पेशी किती तयार व्हाव्यात हे बरंचसं घडवणाऱ्यांच्या गोतावळ्यातूनच ठरतं. गोतावळ्यातल्या या पेशी रँक-लिगँड नावाचं प्रथिन बनवतात, ते ऑस्टिओक्लास्टची संख्या वाढवतं. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरं प्रथिनही त्याच बनवतात. ते रँक-लिगँडला वाटेतच पकडून निकामी करतं. रक्ताच्या कर्करोगावर भरपूर प्रमाणात दिली जाणारी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही स्टेरॉइड्स नेमका हाच तोल बिघडवतात. रँक-लिगँड वाढतं, त्याला आवरणारं घटतं. शिवाय ऑस्टिओब्लास्ट मरतात, आणि मज्जेतल्या ज्या मूळ पेशींतून नव्या यायच्या त्या चरबीच्या पेशी होऊ लागतात. घडवणारेच उरले नाहीत तर नुसतं कॅल्शियम ओतून काय होणार?

मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाचा हाडांवरचा मारा वेगळाच. व्हिंक्रिस्टीन या केमोच्याच दुसऱ्या औषधाने पायांच्या नसा दुखावतात, मूल धावेनासं होतं, आणि भार न पडणारं हाड विरळ होतं. म्हणून डॉक्टरांच्या परवानगीने चालणं-उड्या मारणं हेही औषधच. ड जीवनसत्त्व कमी असेल तर जरूर द्यावं. 'हाडं पोलादी करणारी' चूर्णं मात्र नकोत. चालू औषधांशी त्यांचं काय होईल हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

दिलासा वाढीत आहे. दबून चपटा झालेला मणका लहान मुलात वाढीबरोबर पुन्हा उंची धरू शकतो. मोठ्या माणसात असं होत नाही. वाढ संपत आलेल्या मुलांना ही मुदत कमी मिळते. त्यात दहा वर्षांवरच्या मुलांना आणखी एक धोका जास्त: स्टेरॉइडमुळे खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून तेवढा भाग मरतो. घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत हे कळत नाही, सुरुवातीला साध्या एक्स-रेतही नाही, एमआरआय लागतो. केमो झालेलं मूल लंगडू लागलं किंवा जांघेत दुखतं म्हणालं, तर 'वाढीचं दुखणं असेल' म्हणून थांबू नये.