लाल खडकातले रस्ते मुळात कुणासाठी झाले?

युटा राज्यातल्या मोआब गावाजवळ शेफर ट्रेल नावाचा एक कच्चा रस्ता आहे. पठाराच्या कड्यावरून तो आकडी वळणं घेत जवळजवळ दीड हजार फूट खाली उतरतो. कठडा नाही. समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे घ्यायची. खाली हाच रस्ता व्हाइट रिम रोडला मिळतो. त्या दीडशेहून जास्त किलोमीटरच्या वाटेवर रात्रीच्या मुक्कामाच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्यांचे परवाने मिळवायला झुंबड उडते. लाँग वीकेंडला तंबू, शेगडी आणि पाण्याचे कॅन डिकीत भरून निघणाऱ्या आपल्या अमेरिकेतल्या मंडळींनाही हे नाव चांगलं परिचयाचं आहे.

हा रस्ता हौशी प्रवाशांसाठी मात्र झाला नाही. मूळची पायवाट तिथल्या आदिवासींची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर कुटुंबाने ती गुरं हिवाळी कुरणांत उतरवण्यापुरती सुधारली. 1950च्या दशकात ती ट्रकपुरती रुंद झाली, तीही युरेनियमसाठी.

या खडकातल्या खनिजांची ओळख त्याआधीपासून होती. 1921 साली मेरी क्युरींना व्हाइट हाउसमध्ये भेट मिळालेलं एक ग्रॅम रेडियम याच कोलोरॅडो पठारावरच्या कार्नोटाइट या पिवळ्या खनिजातून काढलेलं होतं. पुढे पोलाद कणखर करणाऱ्या व्हॅनेडियमला मागणी आली. पण खरी धावपळ सुरू झाली ती महायुद्धानंतर. अणुबॉम्बसाठी देशातलंच युरेनियम हवं म्हणून अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने अजब मार्ग धरला. खरेदीदार एकच, म्हणजे सरकार. भाव आधीच जाहीर, नवा साठा सापडला तर वर बक्षीस, आणि शोधणाऱ्यांना जाता यावं म्हणून रस्तेही सरकारच्याच पैशाने. व्हाइट रिम रोड त्यातलाच. गंमत अशी, की तिथे युरेनियम फारसं लागलंच नाही. रस्ता तेवढा राहिला.

ज्याला लागलं तो चार्ली स्टीन. टेक्सासचा भूवैज्ञानिक, खिशात पैसा नाही, बायको आणि चार मुलं सिस्को या आडगावातल्या झोपडीवजा घरात. तेलाचे साठे शोधताना जो तर्क लावतात तोच त्याने युरेनियमला लावला, म्हणून जाणकार त्याला हसत. त्याच्याकडे किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटरही नव्हता. जुलै 1952 मध्ये लिस्बन व्हॅलीत ड्रिल मोडलं. वर आलेले काळपट दगड घेऊन तो सिस्कोला परतला आणि तिथल्या पेट्रोल पंपावर दुसऱ्या कुणाच्या काउंटरसमोर धरले, तर काटा टोकाला! तिथल्या ‘मी व्हिदा’ (स्पॅनिशमध्ये ‘माझं आयुष्य’) खाणीने मोआबचा नूर पालटला. बाराशेच्या आसपास वस्तीचं फळबागांचं गाव दहा वर्षांत चौपट झालं.

या कहाणीची दुसरी बाजू मोआबच्या दुकानांतल्या फलकांवर कमीच दिसते. पठारावरच्या खाणींत नवाहो या आदिवासी जमातीचे कामगार मोठ्या संख्येने होते. हवा खेळती ठेवायची सोय नाही, किरणोत्साराबद्दल कुणी सांगितलेलं नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाने माणसं गेली. भरपाईचा कायदा व्हायला 1990 उजाडलं.

आता उद्यानांकडे. मोआबजवळचं, दगडी कमानींचं आर्चेस 1929 पासून संरक्षित स्मारक होतं, पण आत डांबरी सडक आली ती 1958 मध्ये. तिथले अधीक्षक बेट्स विल्सन यांना शेजारचा दऱ्यांचा प्रदेशही राखायचा होता. पाहुण्या अधिकाऱ्यांना ते जीपमधून फिरवत, रात्री निखाऱ्यांवरच्या जड भांड्यात रांधून जेवू घालत. माझ्या मते अशा एका मुक्कामाचं वजन दहा अहवालांपेक्षा जास्त असतं. 1961 मध्ये गृहमंत्री स्ट्युअर्ट उडॉल विमानातून ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांच्या संगमावरून गेले. सोबतचे धरण खात्याचे प्रमुख फ्लॉइड डॉमिनी धरणाची जागा दाखवत होते, उडॉलना मात्र तिथे राष्ट्रीय उद्यान दिसलं. (अमेरिकेत सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं हे गृहखात्याचं काम; पोलिसांशी त्याचा संबंध नाही.) सप्टेंबर 1964 मध्ये तिथे कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. आत शिरायला रस्ते तयारच होते, युरेनियमवाल्यांचे.

गाडीशेजारी तंबू ठोकायची मोकळीक मिळते ती बहुतेक उद्यानांबाहेर, ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर. गुरचराई आणि जमीनवाटप सांभाळणारी दोन खाती जोडून 1946 मध्ये हे खातं झालं. कुणीच न मागितलेली कोरडी जमीन त्याच्याकडे उरली, म्हणून आजही बऱ्याच ठिकाणी पैसे न देता 14 दिवसांपर्यंत राहता येतं. मोआबच्या आसपास मात्र गर्दीने ही सवलत आक्रसली आहे: ठरलेल्याच जागा, आणि अनेक ठिकाणी शौचाची पिशवी सोबत बाळगून परत न्यायची. पायवाट सोडू नका, हेही उगाच सांगत नाहीत. वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो तो सजीव असतो. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी माती धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं की तो पापुद्रा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. जुन्या ट्रकांच्या चाकोऱ्या अजून ओळखू येतात त्या यामुळेच.

युरेनियमही पुरतं गेलेलं नाही. आर्चेसच्या फाटकाजवळ, कोलोरॅडो नदीच्या काठी खनिजातून युरेनियम वेगळं काढणाऱ्या जुन्या गिरणीने 1.6 कोटी टन किरणोत्सारी गाळ मागे ठेवला. नदीपासून दूर क्रेसेंट जंक्शनला तो हलवायचं काम 2009 मध्ये सुरू झालं. आणि ब्लँडिंग गावाहून मॉन्युमेंट व्हॅलीकडे जाताना 191 क्रमांकाच्या महामार्गालगत व्हाइट मेसाची अशीच युरेनियमची गिरणी लागते. ती अजून चालू आहे. शेजारच्या वस्तीतले यूट आदिवासी तिच्या विरोधात मोर्चे काढतात.