‘कॅशे साफ करा’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

ब्राउझर मंदावल्याची तक्रार घेऊन गोव्यातील कोणत्याही दुरुस्तीच्या दुकानात गेले, मग ते म्हापशातील असो वा मडगावातील, तरी पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो: हिस्टरी पुसायची, कॅशे, म्हणजे आधी पाहिलेल्या पानांचा डिस्कवर जपलेला साठा, रिकामा करायचा आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा. हा सल्ला निराधार नाही. मात्र तो रूढ झाला तेव्हा मंदपणाची कारणे आजच्यापेक्षा वेगळी होती.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. पुढे बोटीवर नोकरीला गेलेल्या मुलाची ईमेल पाहायला आईवडील पणजीतील सायबर कॅफेत ताटकळत बसू लागले, तेव्हा सगळा कारभार टेलिफोनच्या तारेवरून चाले. ५६ किलोबिटचा मोडेम पूर्ण वेगाने चालला, जे क्वचितच घडे, तरी सेकंदाला सातच किलोबाइट मजकूर येई; म्हणजे सत्तर किलोबाइटच्या एका छायाचित्राला दहा सेकंद लागत. म्हणूनच एकदा उतरवलेले चित्र डिस्कवर जपून ठेवणारा कॅशे त्या काळी फार मोलाचा होता. पण डिस्कही लहान असत. कॅशेतील हजारो बारीकसारीक फायलींनी त्या भरत आल्या की विंडोजला स्वतःच्या तात्पुरत्या कामासाठी जागा उरत नसे आणि ब्राउझरच नव्हे, तर सारा संगणकच रेंगाळे. अशा वेळी कॅशे पुसल्यावर खरोखरच फरक पडे, आणि तोच अनुभव सल्ला होऊन पुढच्या पिढीपर्यंत आला.

दरम्यान दुखणे डिस्ककडून मेमरीकडे, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या रॅमकडे, सरकले होते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. या भाषेमुळे वाचण्याचे पान हळूहळू चालवण्याचा प्रोग्राम बनले. नोव्हेंबर २००४ मध्ये मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यामुळे टॅब व अ‍ॅड-ऑन घरोघरी पोहोचले; अ‍ॅड-ऑन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्राम. काही वर्षांतच फायरफॉक्स मेमरी गिळतो अशी त्याची ख्याती झाली. त्यावर मोझिलाने २०११ मध्ये ‘मेमश्रिंक’ ही मोहीम हाती घेतली. तिच्यातून दिसून आले की मेमरीची मोठी गळती केवळ ब्राउझरमध्ये नसून लोकांनी हौसेने बसवलेल्या अ‍ॅड-ऑनमध्येही होती: टॅब बंद झाला तरी अ‍ॅड-ऑन त्या पानाला धरून ठेवी आणि त्याने व्यापलेली मेमरी मोकळी होत नसे. ऑगस्ट २०१२ मधील पंधराव्या आवृत्तीने अशी बहुतेक गळती थांबवली. एक्स्टेन्शन (अशाच जोड-प्रोग्रामचे आजचे नाव) एकेक करून बंद करून पाहा, हा आजचा सल्ला याच अनुभवाशी जुळतो आणि माझ्या मते कॅशे पुसण्याआधी तोच आजमावायला हवा.

गूगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला, तो मुळातच वेगळ्या रचनेचा होता. त्यात साधारणपणे प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रक्रिया, म्हणजे स्वतःची मेमरी घेऊन वेगळा चालणारा प्रोग्राम, मिळाली, त्यामुळे एक पान अडकले तरी बाकीची चालू राहू लागली; शिवाय कोणता टॅब किती मेमरी घेतो हे दाखवणारा टास्क मॅनेजर ब्राउझरमध्येच आला, जो शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबताच उघडतो. या रचनेची किंमत मेमरीत मोजावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ ही सुरक्षेची त्रुटी जाहीर झाल्यावर क्रोमने वेगवेगळ्या संकेतस्थळांना सक्तीने वेगळ्या प्रक्रियांत ठेवले आणि त्यामुळे मेमरीचा वापर दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो, असे गूगलनेच सांगितले. चार जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर हे ओझे लगेच जाणवते, मग घरात फायबर असो वा नसो.

अशा लॅपटॉपवर कॅशे पुसला तर डिस्कवरची जागा सुटते, मेमरी जवळजवळ तेवढीच व्यापलेली राहते, आणि पुढच्या भेटीत प्रत्येक चित्र पुन्हा उतरवावे लागते. दुकानदाराने त्याच झपाट्यात कुकीही पुसल्या, तर १९९४ पासून लॉगिनची ओळख लक्षात ठेवणारी ती छोटी नोंद जाते आणि वीजबिलाच्या संकेतस्थळाचा विसरलेला पासवर्ड शोधत बसावे लागते. त्याऐवजी तेच पान क्रोमच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत उघडून पाहावे. तिथे एक्स्टेन्शन मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत. म्हणून तिथे पान झरझर उघडले, तर आधी एक्स्टेन्शनची यादी तपासावी.