बाभूळ की केळ? जन्नतमधल्या एका झाडाचा वाद

आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक जुनी बोर आहे. मोहल्ल्यात कुणी वारलं की तासाभरात विळा घेऊन कुणीतरी दारात येतं. "भाऊ, बोरीचा पाला पाहिजे." मयताच्या गुसलसाठी, म्हणजे शेवटच्या आंघोळीसाठी, पाणी तापवतात, त्यात हा पाला टाकतात. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमर घालवली, पण हा पाला पाण्यात घुसळून पाहिला तो अलीकडे. चांगला फेस येतो. बोरीच्या पानात सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात, रिठ्यात असतात त्याच जातीची. म्हणजे साबण नव्हता तेव्हाचा हा साबणच.

मागच्या हिवाळ्यात शेजारचे चाचा असाच पाला न्यायला आले, सोबत पुतण्या. डहाळी ओढताना चाचांच्या मनगटावर काट्यानं लांब ओरखडा उठला. रक्त पुसत म्हणाले, "जन्नतमधल्या बोरीले काटे नसते म्हन्ते मास्तर. अन् बाजूले केळ असते."

पुतण्यानं मोबाइल काढला होता. "चाचा, इथं तर बाभूळ लिहिलं आहे."

"बाभूळ? जन्नतमंधी?" चाचांनी पलीकडच्या धुऱ्यावर पाहिलं. तिथं बाभळीला दोन पाय टेकवून बकरी शेंगा ओरबाडत होती.

त्या दिवशी दोघांत कोण बरोबर हे मला सांगता आलं नाही. नंतर वाचत गेलो तसं कळलं, की या एका शब्दावर हजार-बाराशे वर्षांपासून विद्वानांत मतभेद आहेत. गंमत म्हणजे त्यातली सगळी झाडं आमच्या शिवारात उभी आहेत.

कुराणाची ५६वी सूरा, म्हणजे अध्याय, अल-वाकिआ. त्यातल्या २८व्या आणि २९व्या आयतीत, म्हणजे वचनात, जन्नतमधल्या सुखी लोकांचं वर्णन येतं: ते असतील 'सिद्र मख्दूद'मध्ये आणि 'तल्ह मन्दूद'मध्ये. पुढची आयत लांबवर पसरलेल्या सावलीची, 'जिल्ल मम्दूद'. मख्दूद, मन्दूद, मम्दूद. अरबी न येणाऱ्यालाही ठेका कळतो.

सिद्रवर भांडण नाही. सिद्र म्हणजे बोर. अरबस्तानातली जात वेगळी, झिझिफस स्पिना-क्रिस्टी; आपली झिझिफस मॉरिशियाना. प्रजाती एकच. मख्दूद म्हणजे काटे छाटलेली. काही भाष्यकार म्हणतात, फळांच्या भारानं वाकलेली. बोरीचे काटे ही खरं तर पानाच्या देठाशी येणाऱ्या उपपर्णांची रूपं. जोडीनं येतात, बहुतेकदा एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. म्हणून तर हात आत जातो सहज आणि बाहेर येतो फाटून.

अडतं ते तल्हपाशी.

वाळवंटातल्या अरबाला तल्ह म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. बाभळीच्या भावकीतलं मोठं, काटेरी झाड. आजही सुदानात या नावाच्या झाडाचा डिंक 'तल्हा' म्हणून विकतात. आपण हिवाळ्यात लाडवात घालतो त्या डिंकाचा चुलतभाऊ. अबू उबैदा हा नवव्या शतकाच्या सुरुवातीचा बसऱ्याचा भाषापंडित. त्यानं हाच अर्थ धरला आणि पुराव्याला उंट हाकणाऱ्याच्या गाण्याची ओळ दिली. वाटाड्या उंटिणीला खूशखबर देतो, की उद्या तुला तल्ह दिसेल. थकल्या जनावराला बाभळीची आशा दाखवायची! आमच्या बकरीला हे कुणी समजावून सांगायला नको.

पण अल-तबरी, जो ९२३ साली बगदादेत वारला, त्यानं आपल्या भल्यामोठ्या भाष्यात जुन्या जाणत्यांची मतं गोळा केली आहेत. त्यातले बहुतेक म्हणतात, तल्ह म्हणजे मौज, म्हणजे केळ. इब्न अब्बासांसारख्या पैगंबरांच्या सहवासातल्या माणसाच्या नावावरही हेच मत आहे. कारण दुसऱ्या शब्दात आहे. मन्दूद म्हणजे थरावर थर रचलेलं. हेच विशेषण ११व्या सूरेत आकाशातून बरसणाऱ्या दगडांना लागलंय. आता अंजनगाव-अकोटच्या पट्ट्यातल्या एखाद्या बागेत जाऊन केळीचा घड पाहा. फणीवर फणी, फणीवर फणी, जशी कुणी हातानं बसवली. मन्दूदचं याहून नेमकं चित्र मला तरी सुचत नाही. शिवाय केळीला काटा नाही, म्हणजे तो काढण्याचा प्रश्नही नाही.

आता केळीला कुणी बाभळीचं नाव का देईल? इब्न कसीर या १४व्या शतकातल्या भाष्यकारानं एक जुनं मत नोंदवलंय: येमेनचे लोक केळीलाच तल्ह म्हणतात. पुण्याच्या माणसाला हे ओढूनताणून वाटेल, वऱ्हाडातल्या माणसाला मुळीच वाटणार नाही. आम्ही पेरूला जांब म्हणतो. कोकणात जांब म्हणजे निराळंच फळ, फिकट, पाणीदार, गुलाबाच्या वासाचं. उद्या एखाद्या अभंगात 'वैकुंठी जांबाची झाडे' असं आलं, तर अमरावतीचा आणि रत्नागिरीचा माणूस डोळे मिटून वेगवेगळी झाडं बघतील, आणि दोघंही खरे असतील.

खुद्द 'मौज'ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो शब्द आपल्या संस्कृत 'मोचा'वरून इराणमार्गे अरबीत गेला. मोचा म्हणजे केळ. बंगालीत केळफुलाला आजही मोचा म्हणतात. केळीचं शास्त्रीय नाव मुसा, तेही या मौजवरूनच आलं असं मानतात. केळ मूळची आपल्या बाजूची, दमट उष्ण प्रदेशातली. अरबस्तानच्या कोरड्या भागापेक्षा येमेनच्या ओलसर दऱ्या तिला मानवतात.

आता तिसरं झाड. तबरीच्याच भाष्यात एक आठवण आहे: पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्यासमोर ही आयत म्हटली गेली, तेव्हा ते म्हणाले, तल्ह कुठलं, ते 'तल्अ' आहे. तल्अ म्हणजे खजुरीचा फुलोरा, जाड आवरणात दाबून भरलेला. आमच्या नाल्याकाठच्या शिंदीला येतो तसाच. ५०व्या सूरेत खजुरीच्या तल्अला 'एकावर एक रचलेला' असं जवळपास हेच विशेषण लागलंय, तेव्हा हा पाठ हवेतला म्हणता येत नाही.

तल्ह आणि तल्अ यांत फरक शेवटच्या एका आवाजाचा, आणि तो घरबसल्या करून पाहता येतो. गळ्यावर बोटं ठेवा. 'साप'मधला स लांबवा, मग 'झाड'मधला झ लांबवा. जीभ जवळपास तिथंच राहते. दुसऱ्या वेळी फक्त बोटांना कंप लागतो. आता चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा घशाच्या खोल भागातून हाः करा. तो झाला तल्हमधला ह. त्याच जागी, तितकाच घसा आवळून आवाज लावला की तल्अमधला अ. एका उच्चारस्थानाची ही जुळी भावंडं. एकाच्या जागी दुसरं ऐकू येणं अवघड नाही, आणि दोन्हींनी अर्थही लागतो.

मग पाठ बदलायचा का, असं अलींना विचारलं. त्यांनी नकार दिला: कुराणाला आता हात लावायचा नाही. शब्द राहिला जागेवर आणि शंका भाष्यात, कायमची लिहून ठेवलेली. जुन्या पोथ्या तपासणाऱ्या कुठल्याही संशोधकाला ही शिस्त हेवा वाटावी अशी आहे.

अनुवादकांना मात्र असं दोन्हीकडे राहता येत नाही. पिकथॉलनं १९३०च्या इंग्रजी अनुवादात केळी घेतल्या. तो निजामाच्या नोकरीत होता आणि वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री का होईना निजामाचंच होतं, म्हणजे केळ घेणारा तसा आमच्याकडचाच. आर्बेरीनं १९५५ साली बाभळी घेतल्या. युसुफ अलीनं हुशारी केली, 'तल्ह' शब्द तसाच ठेवला. चाचांच्या घरी केळ आली आणि पुतण्याच्या मोबाइलवर बाभूळ, त्याचं मूळ हे असं.

माझं मत विचाराल तर मी बाभळीकडे झुकतो. रोजच्या अरबीतला अर्थ तो, बोरीशेजारी शोभणारं झाड ते, आणि पुढची ओळ सावलीची. तबरीनं मुजाहिद या जुन्या भाष्यकाराचं मत दिलंय, की तायफजवळच्या वज्ज खोऱ्यातल्या तल्ह आणि सिद्रच्या सावलीचं लोकांना फार अप्रूप होतं. अडचण एवढीच, की त्याच वाक्याच्या सुरुवातीला हे मुजाहिद तल्हचा अर्थ 'तुमची केळ' असा सांगून मोकळे झालेले आहेत!

आम्ही वनस्पतिशास्त्रवाल्यांनी यावर हसू नये. शिकलो तेव्हा बाभूळ अकेशिया निलोटिका होती. २००५ साली व्हिएन्नाच्या जागतिक वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं आणि आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली. अकेशिया या नावाचं मूळ काट्याशी जोडलेल्या ग्रीक शब्दात आहे, आणि ते नाव आता ज्या झाडांकडे गेलंय त्यातल्या बहुतेकांना काटेच नाहीत.

काट्यांचं आणखी एक. केनियात संशोधकांनी बाभळीच्या एका जातीभोवती कुंपण घातलं आणि चरणारी जनावरं बाहेर ठेवली. काही वर्षांत आतल्या झाडांच्या नव्या फांद्यांवर काटे आखूड येऊ लागले. ओरबाडणारं तोंड नसेल, तर झाड काट्यावर खर्च कमी करतं.

हे चाचांना सांगितलं तेव्हा ते पाला गोणीत भरत होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग बकरीकडे बोट केलं.

"म्हंजे हिले तिकडं न्याची नाही."