शंभरातून सात वजा करा

“शंभरातून सात गेले, किती राहिले?”
“त्र्याण्णव.”
“त्यातून आणखी सात?”

शहाऐंशीपर्यंत बहुतेकांचं बरं चालतं. पुढे समोरच्या खुर्चीतले सत्तरीचे गृहस्थ अडखळतात आणि शेजारी बसलेल्या मुलीकडे बघतात. ‘तुम्ही सांगायचं नाही’ अशी तंबी मिळाल्यामुळे ती बिचारी ओठ मिटून बसलेली. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकतं. मग प्रश्न येतो, “मघाशी तीन शब्द सांगितले होते, आठवतात का?” एक आठवतो. उरलेले दोन जिना उतरताना आठवतात, पण जिन्यात आठवलेल्याला गुण नसतात.

हे प्रश्न ‘मिनी मेंटल स्टेट’ या चाचणीतले. स्मृती आणि आकलन तपासणारी ही ३० गुणांची चाचणी १९७५ सालची, आणि आजही जगभर वापरात आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वजाबाकीची दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांना प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण यावा अशी एक पद्धत हवी होती. त्यांनी काय केलं? माणसाला अनोळखी परीक्षकांपुढे उभं केलं. परीक्षकांचे चेहरे मख्ख, समोर कॅमेरा. आधी भाषण करायला लावलं आणि नंतर १०२२ मधून १३ वजा करत जायला सांगितलं. चुकलात की पुन्हा १०२२ पासून सुरुवात. तेवढ्यानं लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलं. ताण आणायची ही पद्धत संशोधनात आजही प्रमाण मानली जाते.

म्हणजे एका खोलीत ताण यावा म्हणून वजाबाकी करायला लावतात आणि दुसऱ्या खोलीत मेंदू तपासायला. दोन्ही प्रसंगांत फरक आहे, हे कबूल. डॉक्टर मुद्दाम मख्ख बसत नाहीत. पण खुर्चीतल्या माणसाच्या शरीराला हा फरक कळतोच, असं नाही.

ताण आला की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला निरोप धाडतो, पियुषिका मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसॉल रक्तात सोडतात. काही मिनिटांत ते मेंदूत पोहोचतं. तिथे ते कुठे जाऊन बसतं, हे १९६८ साली ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं. किरणोत्सारी खूण केलेलं संप्रेरक टोचलं, तर ते सगळ्यात जास्त सापडलं हिप्पोकॅम्पसमध्ये. कानांच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या दोन्ही बाजूंना असलेला हा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग नव्या आठवणी बांधायचं काम करतो. ताणाचा निरोप थेट आठवणींच्या दारात येऊन पडतो, तो असा.

आता ‘विसरलो’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. गोष्ट मुळात साठलीच नाही, ही एक. साठली आहे पण हाताला लागत नाही, ही दुसरी. २००० साली झ्युरिकमध्ये दोमिनिक द केर्व्हां यांनी निरोगी माणसांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि कॉर्टिसॉलसारखं काम करणारी कॉर्टिसोनची गोळी तीन वेगवेगळ्या वेळी देऊन पाहिली. पाठांतराच्या आधी दिली, लगेच नंतर दिली, तर फार काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी शब्द विचारायच्या तासभर आधी दिली, तेव्हा मात्र आठवण्यात तूट आली. शब्द होते तिथेच होते, बाहेर येत नव्हते. जिन्यात आठवलेल्या त्या दोन शब्दांचं हे निदान पटण्यासारखं आहे.

माँट्रियलमधल्या सोनिया ल्युपियन यांच्या गटानं तर चाचणीचीच चाचणी घेतली. एका प्रकारात ज्येष्ठांना अनोळखी जागी, दुपारी बोलावलं, तरुण परीक्षक नेमला आणि ‘तुमची स्मरणशक्ती तपासायची आहे’ असं बजावलं. दुसऱ्या प्रकारात ओळखीची जागा, सकाळची वेळ, परीक्षक वयानं त्यांच्याच जवळचा. पहिल्या प्रकारात ज्येष्ठांचं कॉर्टिसॉल जास्त आणि आठवणं कमी. तरुणांना या बदलांनी फारसा फरक पडला नाही. माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात अस्वस्थ करणारं निरीक्षण आहे. म्हातारपणी स्मृती कमी होते, हे आपण ज्या मोजपट्टीवरून म्हणतो, ती मोजपट्टीच थोडी तरुणांच्या बाजूनं झुकलेली असेल तर?

हे झालं तासाभराच्या ताणाचं. वर्षानुवर्षांच्या ताणाची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे जपून बोलायला हवं. हिप्पोकॅम्पस कॉर्टिसॉलवर लगामही ठेवतो. ‘पुरे झालं’ हा निरोप देण्यात त्याचाही हात असतो. १९८६ साली रॉबर्ट सापोल्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडलं की दीर्घ ताणानं हिप्पोकॅम्पस झिजतो, त्यामुळे लगाम सैल पडतो, मग कॉर्टिसॉल वाढतं आणि झीज आणखी होते. १९९८ साली ल्युपियन यांनी काही ज्येष्ठांची वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं मांडली. ज्यांचं कॉर्टिसॉल चढत गेलं होतं, त्यांचा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा १४ टक्क्यांनी लहान निघाला आणि आठवणीच्या चाचण्यांतही ते मागे पडले. माणसं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

शिवाय कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न राहतोच. २००२ साली जुळ्या भावांचा एक अभ्यास झाला. एक भाऊ व्हिएतनाम युद्धात लढलेला, दुसरा घरीच राहिलेला. युद्धाच्या आघातानं गंभीर मानसिक आजार जडलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, पण त्यांच्या युद्ध न पाहिलेल्या भावांचाही तसाच! म्हणजे काहींच्या बाबतीत लहान हिप्पोकॅम्पस जन्मापासूनच असेल आणि ताण त्याला जास्त झोंबत असेल.

मला अधिक भरवशाचा पुरावा वाटतो तो कुशिंग सिंड्रोमचा. या आजारात बहुधा एखाद्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉलचा पूर येतो, आणि रुग्णांना विसरायला होतं. मिशिगनमधल्या मोनिका स्टार्कमन यांनी १९९९ साली अशा रुग्णांचे उपचारांआधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. कॉर्टिसॉल उतरल्यावर हिप्पोकॅम्पस पुन्हा भरला, सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास, एखाद्याचा १० टक्क्यांपर्यंत. पेशी मेल्या असत्या तर एवढं सहज भरून आलं नसतं. प्राण्यांतही हेच दिसतं, की ताणानं चेतापेशींच्या फांद्या आखडतात आणि ताण सरला की पुष्कळशा परत फुटतात.

याचा अर्थ घरातल्या प्रत्येक विसराळूपणावर ‘टेन्शन असेल’ म्हणून पांघरूण घालावं, असा नाही. तोच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणं, नेहमीच्या रस्त्यावर चुकणं, पैशांचे व्यवहार अचानक जमेनासे होणं, ही स्मृतिभ्रंशाची लक्षणं असू शकतात. काही तासांत किंवा एकदोन दिवसांत माणूस एकदम भ्रमिष्टासारखं वागू लागला, तर मागे जंतुसंसर्ग किंवा एखादं औषध असण्याची शक्यता मोठी. त्यात थांबायचं नसतं. नैराश्यानंही स्मृती इतकी मंदावते की पाहणाऱ्याला स्मृतिभ्रंशच वाटावा, आणि नैराश्यावर तर उपचार आहेत.

दवाखान्यातली चाचणी वर्षातून एखाद्या वेळी होते. घरातली रोज चालू असते. पाहुण्यांच्या घोळक्यात कोणीतरी एका मुलीला पुढे ढकलतं आणि विचारतं, “सांगा बघू, ओळखलंत का हिला?” सगळे गप्प होऊन आजोबांच्या तोंडाकडे बघत राहतात. एखादी पोर मात्र शहाणी असते. कोणी विचारायच्या आतच ती त्यांच्या शेजारी जाऊन बसते आणि म्हणते, “आजोबा, मी धाकट्या आत्याची मुलगी. लहानपणी तुमची काठी लपवायचे ती.” मग काठीची पुढची गोष्ट आजोबाच सांगू लागतात.