एक सीडी, दहा मशीन: लायसनचा हा नियम आला कुठून

विंडोजची एक सीडी विकत आणलीये, ऑफिसात दहा मशीन आहेत, दहाहीवर टाकली तर बिघडलं कुठं, पैसे तर भरलेत ना? हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं कोणी ना कोणी विचारतंय, सीडी जाऊन पेनड्राइव्ह आला तरी प्रश्न तोच. विचारणाऱ्याचं चुकत नाही म्हणा, बाकी सगळ्या बाबतीत आपण असंच वागतो, एक पुस्तक आणलं की घरात चौघं वाचतात, एक मिक्सर घेतला की शेजारच्या काकूही चटणी वाटून नेतात. विंडोजसारख्या ऑपरेटिंग सिस्टीमला हे का चालत नाही ते कळायला बरंच मागं जावं लागतं.

सुरुवातीला सॉफ्टवेअरला वेगळी किंमतच नसायची. खोलीभर मशीन घेतलं की प्रोग्रॅम त्याच्यासोबतच यायचे. जानेवारी १९६९ मधे अमेरिकन सरकारनं आयबीएमवर मक्तेदारीचा खटला भरला आणि त्याच वर्षी जूनमधे आयबीएमनं जाहीर केलं की आता बरंचसं सॉफ्टवेअर वेगळं विकणार. म्हणजे मशीनपासून सुटं झालेलं सॉफ्टवेअर ही विकायची चीज झाली ती तिथून पुढं. पण सुटं झालं की कॉपीही करता येतं. फेब्रुवारी १९७६ मधे वीस वर्षांच्या बिल गेट्सनं हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं, त्यात तक्रार अशी की अल्टेअर नावाचं मशीन घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी आमचं बेसिक, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची भाषा, विकत घेतलंय. बाकीचे कागदी टेपवर कॉपी मारून एकमेकांना वाटत होते. बेसिक ही काही ऑपरेटिंग सिस्टीम नाही, पण भांडण हेच, फक्त टेपच्या जागी नंतर फ्लॉपी आली, मग सीडी आली. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमची सोय १९८० मधे स्पष्ट झाली, आपल्या १९५७ च्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीनं.

खरी गंमत पुढं आहे. १९८१ मधे आयबीएमचा पीसी आला, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे डॉस, दिली मायक्रोसॉफ्टनं, पण तेच डॉस इतर कंपन्यांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला. आता दुसऱ्या कंपन्या तसेच पीसी बनवायला लागल्यावर त्यांच्याकडून पैसे घ्यायचे कसे? तर मशीन मोजून. कंपनीनं जितके पीसी विकले तितक्यांचे पैसे, मग त्यात डॉस टाकलेलं असो नाहीतर नसो. याला पर प्रोसेसर लायसन म्हणायचे. कंपन्यांना भाव स्वस्त पडायचा म्हणून त्या सही करायच्या, आणि एकदा सही केली की दुसऱ्या कुणाची सिस्टीम टाकणं म्हणजे एकाच मशीनचे दोनदा पैसे. शेवटी १९९४ मधे अमेरिकन न्याय खात्याशी तडजोड करून मायक्रोसॉफ्टला ही पद्धत सोडावी लागली. पद्धत गेली, पण 'एक मशीन, एक लायसन' हा हिशोब राहिला. ओईएम लायसन जे म्हणतात, म्हणजे नव्या पीसीसोबत आलेलं, ते त्या मशीनसोबत जन्मतं आणि त्याच्यासोबतच मरतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. दुकानात सुटं मिळणारं रिटेल पॅक मात्र जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं, पण एका वेळी एकाच.

नियम होता पण राखण करायला कोणी नव्हतं. विंडोज ९५ ची सीडी-की, म्हणजे टाकताना मागितला जाणारा कोड, तर विनोदच, शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातानं भाग गेला की झालं, सगळे एक टाकले तरी पास! आपल्याकडं त्या काळात असेंबल्ड पीसीचा जोर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणायचे, जोडायचे आणि 'विंडोज टाकून' द्यायचे, बिलावर विंडोजचा उल्लेखही नसायचा. एकच सीडी, तिच्यावर मार्करनं की लिहिलेली, ती अख्ख्या पेठेत फिरायची. कायदा मात्र आलेला होता, १९९४ च्या दुरुस्तीतलं कलम ६३ब, जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. म्हणजे विकणाराच नाही, वापरणाराही त्यात आला, हे आजही कित्येकांच्या गावी नाही.

मग ऑक्टोबर २००१ ला विंडोज एक्सपी आलं आणि ॲक्टिव्हेशन आलं. आता की बरोबर असून भागत नव्हतं, ती की कुठल्या मशीनवर बसलीये याची नोंद व्हायची. त्यासाठी दहा गोष्टी बघायचे, प्रोसेसर, रॅम, लॅन कार्ड, हार्ड डिस्क वगैरे, त्यावरून मशीनचा एक आकडा बनायचा. थोडं बदललं तर चालायचं, जास्त बदललं की पुन्हा ॲक्टिव्हेट करा. नेट नसेल तर फोन. मी एका क्लासमधे मशीन सांभाळायचो तेव्हा हे बरेचदा केलंय, स्क्रीनवरचे ५० आकडे सहा सहाच्या गटात फोनवर वाचून दाखवायचे, मग पलीकडून ४२ आकडे सांगितले जायचे ते टाइप करायचे, आणि मधेच कुणीतरी दारातून "सर, प्रिंट निघत नाहीये" म्हणून ओरडायचं की गेलं सगळं, पुन्हा पहिल्यापासून.

मोठ्या कंपन्यांना हजारो मशीनवर हे करणं शक्यच नव्हतं म्हणून त्यांच्या व्हॉल्यूम कॉपीला, म्हणजे एकगठ्ठा लायसनवर दिलेल्या विंडोजला, ॲक्टिव्हेशनच ठेवलं नाही. तिथंच भोक पडलं. एफसीकेजीडब्ल्यूनं सुरू होणारी एक व्हॉल्यूम की एक्सपी बाजारात यायच्या आधीच फुटली आणि जगभर पसरली, २००२ च्या सर्व्हिस पॅक १ मधे ती ब्लॉक केली पण तोवर व्हायचं ते झालं होतं. म्हणून पुढच्या विंडोज व्हिस्टापासून (कंपन्यांना नोव्हेंबर २००६, बाकीच्यांना जानेवारी २००७) व्हॉल्यूमवाल्यांनाही ॲक्टिव्हेशन लागू. त्याचे दोन रस्ते. एमएके, म्हणजे ठरावीक वेळा चालणारी की, आणि केएमएस, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवरच एक सर्व्हर ठेवायचा, तो बाकीच्यांना ॲक्टिव्हेट करतो. केएमएसला निदान २५ मशीन लागतात आणि ते ॲक्टिव्हेशन १८० दिवसच टिकतं, मशीन अधूनमधून सर्व्हरला हजेरी लावून मुदत वाढवून घेतं. जे फुकट ॲक्टिव्हेटर फिरतात त्यातले बरेच या केएमएस सर्व्हरचं सोंग घेतात. विंडोज 'ॲक्टिव्हेटेड' दाखवतं, लायसन शून्य.

व्हिस्टाच्या वेळी अजून एक झालं, रिटेल पॅक दुसऱ्या मशीनवर एकदाच नेता येईल अशी अट ऑक्टोबर २००६ ला जाहीर केली. स्वतः पीसी जोडणारे असे भडकले की पुढच्याच महिन्यात मागे घ्यावी लागली.

याच काळात ॲपल काय करत होतं बघा. मॅकच्या सिस्टीमला की नाही, ॲक्टिव्हेशन नाही, आणि फॅमिली पॅक घेतला तर एका घरातल्या ५ मॅकवर टाका. २००९ ची स्नो लेपर्ड ही मॅकची सिस्टीम एका मॅकला २९ डॉलर, फॅमिली पॅक ४९. २०१३ पासून तर फुकटच. एवढी उदारता का, तर यांचा पैसा डब्यात, म्हणजे मशीनमधे, सिस्टीमची अट एकच की डबा ॲपलचा हवा. फ्लोरिडातल्या सायस्टार कंपनीनं साध्या पीसीवर मॅकची सिस्टीम टाकून विकायला घेतली, कोर्टानं २००९ ला त्यांना थांबवलं, आणि त्यांनी डिस्क पैसे देऊन घेतल्या होत्या हे तिथं उपयोगी पडलं नाही. मायक्रोसॉफ्टनंही विंडोज ७ ला ३ मशीनचा फॅमिली पॅक काढला होता, थोडे दिवस चालला. लिनक्सवाल्यांना हा प्रश्नच नाही, हव्या तितक्या मशीनवर टाका, रेड हॅटसारखे पैसे घेतात ते सपोर्टचे.

विंडोज ८ पासून ब्रँडेड पीसीत की थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमधे (बोर्डातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधे) येते, कॅबिनेटवरचा की छापलेला तो घासून पुसट झालेला स्टिकर वाचायला टॉर्च लागत नाही. विंडोज १० पासून डिजिटल लायसन, फॉरमॅट मारून परत टाकलं तरी ते आपोआप ओळखतं. त्यामुळं आता प्रश्न असा येतो की मदरबोर्ड बदलला तर काय? ओईएमचं उत्तर असं की बिघडला म्हणून बदलला तर तेच मशीन, अपग्रेड म्हणून बदलला तर नवं मशीन, नवं लायसन.

आणि दहा मशीनवाल्या ऑफिसला एक गोष्ट कोणी सांगत नाही. व्हॉल्यूममधलं विंडोज हे अपग्रेड असतं, खाली आधीचं अस्सल लायसन असावं लागतं, आणि ते विंडोजच्या प्रो आवृत्तीचं, घरगुती होम आवृत्तीचं कंपन्यांना चालत नाही. आपल्याकडं दुकानातला स्वस्त लॅपटॉप बहुतेक होम सिंगल लँग्वेजच असतो. म्हणजे असेंबल्ड मशीन घेतली, वर मोठ्या हौसेनं दहा व्हॉल्यूम लायसनं घेतली, तरी लायसन तपासायला येणारा ऑडिटवाला पहिल्यांदा खालच्या लायसनचं बिल मागणार.