शाळेत धर्माचं नाव काढायला बंदी? छे!

पुण्यातल्या पालकसभेत हमखास कुणीतरी म्हणतं, "मूल्यशिक्षण ठीक आहे, पण शाळेत धर्माचं नाव काढायला संविधानानेच बंदी घातलीय." अशी बंदी नाही. कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत त्याची सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलाला त्यात बसवायचं तर पालकांची संमती लागते. (पेठांमधल्या जुन्या खासगी शाळांना लागू होतो तो हा भाग. तो कुणी वाचत नाही.)

धर्मांची माहिती देणं ही निराळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमावरच्या अरुणा रॉय खटल्यात हाच फरक मांडला. नववीत तुकोबांचा अभंग उलगडणं, वारी का निघते, रोजा का धरतात यावर मुलांना बोलतं करणं, हे सगळं बिनदिक्कत चालतं. आरतीला बळजबरीने उभं करणं चालत नाही.